नाही, सिस्टर

४ मार्च

अगं,

मायना काय लिहावा कळत नाही म्हणून एवढाच. लग्नानंतर पलटणीतून पत्रं लिहायचो तेव्हा 'प्रिय' लिहायची लाज वाटायची, कारण पोरं पत्र हिसकावून मोठ्याने वाचायची. आता हिसकावणारं कोणी नाही, तरी हात काही तो शब्द लिहीत नाही.

फोन का करत नाही म्हणशील. फोनवर बोलताना मला दम लागतो, दम लागला की मी चिडतो आणि चिडलो की ओरडतो. मग तू फोन ठेवतेस. पत्र निदान ओरडत नाही.

तुझ्या ताईंना नमस्कार सांग. त्यांना वाटत असेल, एवढा मोठा उस्ताद म्हणवतो आणि बायकोला दवाखान्याच्या व्हरांड्यातून हाकलून देतो. मी हाकललं नाही. मी 'चालती हो' म्हणालो. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. तू खरंच चालती झालीस, तेही हातातल्या पर्सनिशी, हे जरा अतीच झालं.

आणि तू केलंस काय ते तरी बघ. डॉक्टरांनी विचारलं, "काय उस्ताद, कसं काय?" मी म्हणालो, "एकदम फिट, साहेब." झालं होतं की काम! पण तू मध्ये तोंड घातलंस. "फिट कसले? अंगातलं पाणी उतरायच्या गोळ्या कुंडीत टाकतात. बसल्या बसल्या रडतात. परवा म्हणाले, सुटलो तर बरं होईल." खोलीचं दार सताड उघडं. बाहेर बाकावर सगळे आमचेच निवृत्त लोक, माझ्यासारखेच हृदय थकलेले. त्यातल्या निम्म्यांना मी मैदानावर रडेपर्यंत पळवलंय. आयुष्यभर कमावलेल्या दराऱ्याचं तू एका दमात पायपुसणं केलंस. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं होतं.

पाय ठीक आहेत. काळजी नसावी.

सही करत नाही. अक्षर ओळखशीलच.


१५ मार्च

अगं,

उत्तर नाही. ठीक आहे. मला कुठे अपेक्षा होती? पोस्टमनला रोज विचारतो ते आपलं सवयीने.

स्वयंपाक जमतो. मीठ न घालता भाजी करतो. तिला भाजी म्हणायचं ते ती भाजीच्या पातेल्यात असते म्हणून.

दवाखान्याची हकीकत ऐक. पूर्वी कसं सरळ होतं. काट्यावर उभं राहायचं, सिस्टर नडगीवर बोट दाबून खड्डा पडतो का बघायची, डॉक्टर छातीला नळी लावून पाणी कुठवर चढलंय ते ऐकायचे, की सुटका. आता नवीनच टूम निघाली आहे, आणि ती तुझ्याच कृपेने निघाली असणार असा मला दाट संशय आहे. पडद्यामागे खुर्चीत बसवतात आणि एक नवी सिस्टर, आपल्याला पोर झाली असती तर तिच्या वयाची, एकेक विचारत बसते. "काका, झोप लागते का? कशात मन रमतं का? उगाच रडू येतं का? जगून काय करायचं असं वाटतं का?" पडदा कसला, मच्छरदाणीच ती. बाहेर बाकावर शब्दन् शब्द ऐकू जातो.

आता आम्हाला हे काही नवीन नाही. पलटणीत मेडिकल बोर्ड बसायचं. डॉक्टर काहीही विचारोत, छाती पुढे, नजर समोर, उत्तर एकच, "नाही, साहेब." गुडघा टम्म सुजलेला असला तरी नाही, साहेब. कारण 'हो' म्हटलं की शेरा बसला, आणि शेरा बसला की हत्यार गेलं. एका चांगल्या धट्ट्याकट्ट्या गड्याने एकदा खरं सांगितलं होतं, की मी झोपेत किंचाळतो. दुसऱ्या दिवसापासून तो भटारखान्यात बटाटे सोलत होता. त्याचं नाव आज कोणाला आठवत नाही. 'बटाटा' म्हटलं की सगळ्यांना आठवतो.

म्हणून परवा मी बाकावरच्यांची परेड घेतली. बसल्या बसल्याच. म्हटलं, गड्यांनो, सिस्टर काहीही विचारो, उत्तर काय? सगळे एका सुरात, "नाही, सिस्टर!" अगं, काय हसले! दम लागेपर्यंत हसले, म्हणजे तसं फार वेळ नाही. सगळ्यात मोठा आवाज बिगुलचा. तो आठवतो ना तुला? उंच, गालफडं बसलेला, आमचा बिगुलवाला. त्याच्या शर्टाचं बटण तू त्या बाकावरच लावून दिलं होतंस. आणि आत गेल्यावर प्रत्येक जण खणखणीत, "नाही, सिस्टर." ती बिचारी खूश. म्हणाली, "तुमची पलटण भलतीच आनंदी आहे हो, काका."

बऱ्याच दिवसांनी मला मी उस्ताद असल्यासारखं वाटलं. तू तिथे असतीस तर तुलाही हसू आलं असतं. कदाचित नसतं आलं.


२ एप्रिल

अगं,

बिगुल आता संध्याकाळचा पत्ते खेळायला येतो. शिंप्याच्या दुकानावरच्या एका खोलीत एकटाच राहतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगा बोटीवर असतो, कधी कुठल्या बंदरात ते त्यालाही माहीत नसतं. आपल्या जिन्यात अर्ध्यावर बसतो, दम खातो, मग वर येतो. मी दारात उभा राहून त्याला चिडवतो आणि माझ्या छातीचा भाता त्याला दिसू नये म्हणून चौकटीला टेकतो.

डॉक्टरांनी पाणी दोघांनाही मोजून दिलेलं. पाहुण्याला पाणी विचारावं तर त्याचा आजचा वाटा कदाचित संपलेला, आणि माझा तर दुपारीच संपतो. म्हणून आम्ही एकमेकांना पाणी विचारतच नाही. आमची दोस्ती ती ही अशी.

तो पत्ते पिसता पिसता बोलतो. त्याचं काम काय होतं, तर सकाळी लोकांना उठवायचं आणि कोणी गेला की शेवटची धून वाजवायची. म्हणाला, "उस्ताद, उठवलेले विसरलो. निजवलेले एकेक आठवतात. त्यांच्या आयांची तोंडं आठवतात." मग म्हणाला, बिगुल अजून पेटीत आहे, पण फुंक कुठून आणू? मी म्हटलं, अरे, मग पान टाक, डाव अडलाय.

तू नाहीस म्हणून विचारतो. "वहिनी कधी येणार?" मी सांगितलंय की ताईंची तब्येत बरी नसते. ताईंना म्हणावं राग मानू नका.

काल जाताना दारात त्याने काहीतरी वेडगळ विचारलं. मी तिथल्या तिथे गप्प केलं. एवढ्या वयाच्या माणसाने असं बोलू नये.


१९ एप्रिल

अगं,

ताईंकडून निरोप आला की तुला माझी पत्रं मिळतात. वाचतेस का ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गोळ्या कुंडीत का टाकत होतो ते सांगतो. त्याशिवाय तू मला वेडा समजशील. पाण्याची गोळी घेतली की अंगातलं पाणी निघायला लागतं, आणि ते काही मुहूर्त बघून निघत नाही. त्या दिवशी मी बेकरीच्या रांगेत होतो. इस्त्रीची पँट, पॉलिशचे बूट. पुढे दोनच माणसं होती, म्हटलं, निभावेल. नाही निभावलं. मागे एक बाई तिच्या लहान मुलीचा हात धरून उभी होती. मुलगी म्हणाली, "आई, आजोबांनी..." आणि त्या बाईने तिचं तोंड दाबलं. मुलगी बोलली त्याचं काही नाही. ते तोंड दाबलेलं मला सहन झालं नाही.

घरी येऊन मी तुला म्हणालो, रस्त्यात कोणीतरी बादली ओतली. तू नुसती पँट घेतलीस आणि धुतलीस. तुला कळलं होतं. तुला कळलंय हे मलाही कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या कुंडीत.

बस, एवढंच कारण. बाकी तू डॉक्टरांना जे रडण्याबिडण्याचं सांगितलंस त्यात काही अर्थ नाही. वय झालं की डोळ्यांना पाणी येतंच.

आता गोळ्या घेतो. अगदी वेळच्या वेळी.

बिगुल चार-पाच दिवसांत आला नाही. पत्त्यात हरत होता, रुसला असेल.


६ मे

अगं,

बिगुल दवाखान्यात आहे.

खालच्या शिंप्याला वरून श्वासाचा आवाज ऐकू आला. वर गेला तर हा खुर्चीत, ओठ निळे, पाय खांबासारखे सुजलेले. छातीत पाणीच पाणी. शिंप्याने आणि त्याच्या भावाने खुर्चीसकट खाली आणला. मला कळलं तेव्हा तो श्वासाच्या मशीनवर होता.

व्हरांड्यात डॉक्टर भेटले. म्हणाले, "उस्ताद, तुम्ही त्याचे दोस्त. मला एक सांगा. याच्या घरी गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी पडली आहेत. विसरला असेल का? कारण सिस्टर दर वेळी विचारते आणि तो दर वेळी अगदी ठणकावून 'नाही' म्हणतो. मनाने तर ठीक होता."

मी म्हणालो, "विसरला असेल, साहेब." आणि घरी आलो.

अगं, तो विसरला नव्हता. त्या संध्याकाळी दारात त्याने काय विचारलं होतं ते मी तुला लिहिलं नाही. तो म्हणाला होता, "उस्ताद, तुम्हाला कधी वाटतं का हो, की आता सगळ्या गोळ्या एकदम बंद करून टाकाव्यात?" हळूच म्हणाला. जिन्यातला दिवा लागला नव्हता, त्यामुळे तोंड नीट दिसलं नाही, पण तो माझ्याकडे बघत थांबला होता. बराच वेळ थांबला होता. माणूस उगाच एवढा थांबत नाही.

आणि मी काय केलं? मी टाचा जुळवल्या आणि हुकूम दिल्यासारखं म्हणालो, "उत्तर काय?"

तो म्हणाला, "नाही, सिस्टर." हसला. आणि जिना उतरून गेला.

मला त्याचा प्रश्न कळला नाही असं नाही. पहिल्या शब्दाला कळला. कारण तो प्रश्न माझ्या घरात तुझ्या जाण्याआधीपासून राहतो आहे. बेकरीची गोष्ट खरी आहे. पण मागच्या पत्रात ते एकच कारण सांगितलं, ते खोटं. गोळ्या वेळच्या वेळी घेतो, हेही खोटं लिहिलं होतं. आणि तू डॉक्टरांना सांगितलेलं सगळं खरं होतं.

मला एवढी लाज वाटते आहे की हे पत्र पुन्हा वाचणार नाही. फाडून टाकेन म्हणून आताच पेटीत टाकून येतो.


९ मे

अगं,

पत्र टाकलं आणि पेटीपासून तडक दवाखान्यात गेलो. घरी परत आलो असतो तर पुन्हा निघालो नसतो.

बिगुलची मशीन काढली होती. उशांना टेकून बसला होता, नाकाला नळी. डॉक्टर त्याला सांगत होते, "छान उतरलं पाणी. उद्या-परवा घरी सोडतो. गोळ्या मात्र विसरू नका हं." तो म्हणाला, "नाही, साहेब." तोच आवाज. मी शिकवलेला.

मला कळलं की हा घरी गेला की पुन्हा त्या खुर्चीत बसणार. या वेळी खिडकी लावून बसेल, म्हणजे शिंप्याला ऐकू येणार नाही.

वॉर्डात माणसं होती. पलीकडच्या खाटेवर आमच्याच बाकावरचा एक जण, त्याची सून डबा घेऊन आलेली. मी बिगुलच्या खाटेची दांडी धरली आणि म्हणालो, "साहेब, याला घरी सोडू नका. हा विसरला नाही. याने गोळ्या मुद्दाम सोडल्या. याला जगायचं नाही. महिन्याभरापूर्वी याने मला विचारलं होतं आणि मी याची चेष्टा केली. आणि सिस्टरला नाही म्हणा, हेही मीच सगळ्यांना शिकवलं."

सुनेचा डबा उघडायचा राहिला. बिगुलने नाकातली नळी ओढून काढली. मला वाटलं आता रडेल. रडला नाही. म्हणाला, "सगळ्यांसमोर माझी लाज काढलीत, उस्ताद. चालते व्हा."

माझेच शब्द. शिकवायलाही लागले नाहीत.

मी बाहेर व्हरांड्यात आलो. तू उभी होतीस त्याच जागी. मला घरी जाता येईना आणि आतही जाता येईना. आत तो माणूस जगणार होता, कदाचित, आणि माझं तोंड पुन्हा बघणार नव्हता. अगं, तू त्या दिवशी हेच घेऊन इथून ताईंकडे गेलीस का? एवढं सगळं, आणि हातात नुसती पर्स?

मी म्हणालो होतो तू माझी अब्रू घालवलीस. तू माझा जीव धरून ठेवत होतीस, आणि मी तुझ्या हातावर मारत होतो. मला माफ कर, असं लिहायलाही तोंड नाही. पण लिहितो. माफ कर.


२० मे

अगं,

बिगुलला सोडलेलं नाही. वरच्या मजल्यावर मनाच्या आजारांचा विभाग आहे, तिथले डॉक्टर रोज त्याच्याकडे येऊन बसतात. मुलालाही बोटीवर निरोप गेला आहे. माझ्याशी तो बोलत नाही. मी रोज सकाळी जाऊन दारातल्या स्टुलावर बसतो. तो म्हणतो, "जा." मी म्हणतो, "जातो," आणि थोडा वेळ बसतो. काल 'जा' म्हणाला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी त्याला विजय मानत नाही.

आता माझं. परवा आमचा दवाखान्याचा दिवस होता. बाकावर सगळे होते आणि सगळ्यांना वॉर्डातली गोष्ट कळली होती. कोणी परेडचं नाव काढलं नाही. माझी पाळी आली, मी पडद्यामागे बसलो, सिस्टरने विचारलं, "काका, झोप लागते का?" मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. आणि गंमत बघ, त्या प्रश्नाचं खरं उत्तरही 'नाही'च होतं. तेवढ्यावर मला हुंदका आला. अगं, असा तसा नाही. लहान पोरासारखा, नाक गळेपर्यंत. आणि बाहेर बाकावर सगळे ऐकत होते.

ती घाबरली नाही. खुर्ची ओढून जवळ बसली. म्हणाली, "कधीपासून?" मी म्हटलं, पाय सुजायला लागले तेव्हापासून, बहुतेक त्याच्याही आधीपासून. "लढाईवर होता का? तिथलं काही आठवतं का?" हेच मला कोणी विचारू नये असं वाटत होतं. मी कुठे होतो लढाईवर? आयुष्यभर मैदानावर डावं-उजवं केलं. मी शिकवलेले गेले, मी मागे राहिलो आणि पुढच्या तुकडीला डावं-उजवं शिकवलं. बिगुलकडे निदान कारण आहे. माझ्याकडे दाखवायला काही नाही. एक गोळी कानाजवळून गेली असती तर रडायला तोंड तरी असतं. मी तिला हे सगळं सांगितलं. तुला इतक्या वर्षांत सांगितलं नाही ते एका परक्या पोरीला सांगितलं, याचीही लाज वाटते.

ती म्हणाली, "काका, दुखायला परवानगी लागत नाही." आणि मग, हृदय असं थकलं की मनही थकतं, पुष्कळांचं थकतं, त्याला औषध असतं, आणि मन सांभाळलं नाही तर गोळ्यांचं काही खरं नसतं. मी म्हटलं, बाई, ते तर मी करूनच दाखवलंय. बेकरीचंही सांगितलं. तर म्हणाली, मग बाहेर जायच्या दिवशी गोळी घरी आल्यावर घ्या, मी डॉक्टरांना विचारून वेळ बदलून देते. एवढंच! एवढं विचारायला मला जीव द्यायला निघावं लागलं.

बाहेर आलो तेव्हा डोळे लाल. एकाने पाण्याची बाटली पुढे केली, मग आठवलं म्हणून मागे घेतली. पुढच्याची पाळी होती, तो आत गेला आणि त्याचं 'नाही, सिस्टर' काही ऐकू आलं नाही. फार हळू बोलत होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्यातल्या काहींचा जाईल, काहींचा नाही जाणार.

मंगळवारी मला वरच्या मजल्यावर बोलावलं आहे. सकाळी. त्यांचा नियम असा की घरचं एक माणूस बरोबर हवं, कारण रुग्ण स्वतःबद्दल खरं सांगतोच असं नाही. मी सिस्टरला म्हटलं, घरचं माणूस होतं, मी त्याला चालतं केलं. ती म्हणाली, मग विचारून तर बघा.

म्हणून विचारतो. राहायला ये म्हणत नाही, ते तुझ्या मनावर आहे. मंगळवारच्या सकाळपुरती ये. आजपासून गोळ्या खरोखर घेतो आहे, पण यावर तू विश्वास ठेवावास असं मी काही ठेवलेलं नाही, ते मला कळतं. मला जगावंसं वाटतंच, असंही अजून छातीठोक सांगता येत नाही. वाटावं, एवढं मात्र वाटू लागलं आहे.

तिथे डॉक्टर विचारतील तेव्हा तू बोल. मी मध्ये बोलणार नाही.